शिवगंगेचा तुकडा

शिवगंगा गेली त्या दिवशी गुंडप्पांना एक गोष्ट कळली आणि ती पुढं त्यांच्या मनातून गेली नाही. भावकीतल्या माणसांनी विचारलं होतं, "आप्पा, माती कुठं द्यायची? खड्डा कुठल्या कोपऱ्यात घ्यावा?" आणि गुंडप्पांना सांगता आलं नव्हतं. विहिरीची पाइपलाइन जमिनीखालून कुठून गेलीय, खडक कुठं लागतो, पावसाचं पाणी कुठं साचतं, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. शेवटी साखराबाई पुढं झाली. शिवगंगेबरोबर याच रानात खुरपं धरून तिचा जन्म गेलेला. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विहिरीपलीकडच्या कोपऱ्याकडं बोट केलं.

"हितं द्या. बाई दुपारच्याला हितंच बसायच्या."

जंगमस्वामींनी मंत्र म्हटले, बेलाची पानं वाहिली, आणि लिंगायतांच्या रीतीप्रमाणं शिवगंगेला बसवून तिथं माती दिली.

रान तिच्या माहेरचं होतं. बापाला मुलगा नव्हता, म्हणून रेल्वे रुळाकडेचा तो तुकडा लेकीच्या नावावर आला. गुंडप्पांचं आयुष्य घाटनांदूरच्या पेठेत, किराणा दुकानाच्या गादीवर गेलेलं. तेल, साखर, डाळी, लग्नसराईत नारळाची पोती. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, तेवढे ते रानात जायचे, आंबील प्यायचे, भज्जी-भाकरी खायचे आणि ऊन कलायच्या आत दुकानावर यायचे. विहिरीपलीकडच्या कोपऱ्यात शिवगंगेनं शेवंती, झेंडू, कण्हेर लावलेली. रोज पहाटे पूजेच्या ताटात ताजी फुलं असायची. ती गुंडप्पा लिंगावर वाहायचे. ती कुठून येतात हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही.

पावसाळा सरला आणि दसऱ्याच्या सुमारास ते समाधीवर गेले तर समाधी दिसेना. सगळा कोपरा हराळीच्या गवतानं भरून गेला होता. हराळी समाधीच्या कडेच्या दगडांवर चढली होती, कण्हेरीच्या बुडाला विळखा घालून बसली होती. शेवंतीचा तर मागमूस उरला नव्हता. गुंडप्पांनी खाली बसून एक मूठ उपटली. वरची पानं तेवढी हातात आली, मुळ्या जमिनीतच राहिल्या. बोटाला काप गेला.

त्यांनी माणसं शोधली. बाया सोयाबीनच्या काढणीला गुंतल्या होत्या. सोयाबीन निघालं तोवर अर्धी आळी ऊसतोडीला कारखान्यांकडं निघून गेली. विहीर आणि बांधाच्या मधल्या त्या सांदीत ट्रॅक्टर वळत नव्हता. शेजारच्या रानातल्या सटवानं दोन वर्षांपूर्वीच बैल विकलेले. पुण्याहून मुलगा केदारनाथ फोनवर म्हणाला, "आप्पा, मी माणूस पाठवतो. भोवतीनं पेव्हर ब्लॉक बसवून टाकू. परत गवताची कटकटच नको."

गुंडप्पा म्हणाले, "तिच्या भोवती फरशी घालू? जन्मभर मातीत हात घालून बसलेलं माणूस ते."

"मग करणार कोण तिथं?"

"मी करतो," गुंडप्पा म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. सत्तरीला टेकलेलं वय, अंगात साखरेचा आजार, आणि कुदळ कशी धरतात तेही माहीत नाही. पण शब्द तोंडातून गेला तो गेला.

पेट्रोलवर चालणारं कोळपणीचं छोटं यंत्र सटवाकडं होतं. गावात त्याला पावर वीडर म्हणत. सटवा कापसाच्या ओळींत ते चालवायचा. तसलंच एक गुंडप्पांनी अंबाजोगाईहून मागवलं. लाकडी पेटीतून ते दुकानाच्या मागच्या अंगणात येऊन पडलं. मुलगी प्रणिता अंबाजोगाईला शाळेत शिकवायची. ती रविवारी आली तेव्हा पेटीसमोर धोतराचा सोगा वर खोचून बसलेले वडील तिनं पाहिले आणि ती चहा टाकायला आत गेली.

सटवा आला. त्यानं पेटीच्या फळ्या उचकटल्या, आतली एकेक वस्तू पोत्यावर मांडली. इंजिन, दोन दांडे, पात्यांचे जोड, वाकवलेला पत्रा, खिळ्या, पान्हे. यंत्राबरोबर हिंदीतली पुस्तिका होती. गुंडप्पांनी चष्मा लावला आणि ते मोठ्यानं वाचू लागले. सटवा ऐकत ऐकत हात चालवू लागला.

"थांबा आप्पा, पेट्रोलचं मागनं वाचा," सटवा म्हणाला. "आधी ऑईल. ह्याच्या पोटात ऑईल भरून येत न्हाई. माझ्या साडूनं तसंच चालू केलं, इंजिन जागच्या जागी बसलं."

ऑईल भरलं. तेलाची पट्टी पुसून, पुन्हा घालून, खूण बघितली. मग पाती. गुंडप्पांना ती सगळी सारखीच दिसत होती. सटवानं एक पातं त्यांच्या हातात दिलं.

"बोट फिरवू नका, नुसतं बघा. ही वाकडी बाजू हाय का? धार पुढं पायजे. ही डावीकडली, ही उजवीकडली. अदलाबदल झाली तर यंत्र माती उकरत न्हाई, वरच्या वर पळतंय, आन् मानूस त्याच्या मागं."

खिळी पात्याच्या भोकातून आरपार गेली, टोकाला तारेच्या काट्यानं अडकवली. सटवानं पातं धरून हिसके देऊन पाहिलं, मग गुंडप्पांनाही द्यायला लावले. वाकवलेला पत्रा पात्यांच्या वर बसवताना गुंडप्पा म्हणाले, "हा पत्रा तुझ्या यंत्राला न्हाई."

सटवा म्हणाला, "होता. माती अडकती म्हनून काढून ठेवला. तुमी काढू नका. मी बी परत लावतो."

सगळं बसल्यावर त्यानं यंत्र उभं केलं आणि गुंडप्पांचे दोन्ही हात दांड्यांवर ठेवले. उजव्या मुठीखाली एक लाल दांडी होती, डाव्या मुठीखाली दुसरी.

"उजवी दाबली की पाती फिरत्यात, यंत्र पुढं. डावी दाबली की मागं. आन् सोडली की थांबलं. एवढं एकच ध्यानात ठेवा आप्पा. यंत्र वाकडं जाऊ द्या, उसळू द्या, काय बी होऊ द्या. हात सोडायचे."

"सोडल्यावर पडंल की ते."

"पडू द्या. यंत्र पडलं तर उचलता येतंय."

प्रणिता चहा घेऊन आली होती. ती दारात उभी राहून ऐकत होती. संध्याकाळी तिनं वडिलांसाठी केदारनाथची जुनी पँट काढली, कंबरेला आत टाके घातले, आणि पुढच्या रविवारी येताना जाड तळव्याचे, बोटांवर टणक टोपी असलेले बूट आणले. गुंडप्पांनी लग्नानंतर धोतराशिवाय काही नेसलं नव्हतं. आरशात न बघताच ते म्हणाले, "कोन म्हनंल मला, हा दुकानदार हाय म्हनून?"

"कुणी काही म्हणू दे," प्रणिता म्हणाली. "सैल कपडा, उपरणं, काही नको. पात्यात गेलं की संपलं."

आधी सटवाच्या मोकळ्या पट्ट्यात सराव झाला. पाणी दिलेल्या जमिनीला वापसा आला होता. मूठ वळली तर ढेकूळ व्हायचं, आणि बोटानं दाबलं तर फुटायचं. सटवानं आधी पट्ट्यात फिरून दगड, तारेचा तुकडा, फाटकी साडी, सगळं वेचून बांधावर टाकलं. मग दोरी ओढली. तिसऱ्या हिसक्याला यंत्र धडधडलं. गुंडप्पांचे दंड थरथरत होते. पहिल्या ओळीत ते यंत्रामागं अक्षरशः फरफटले, दुसऱ्या ओळीत जरा सावरले, आणि चौथ्या-पाचव्या ओळीला काळी माती पात्यांखालून भुसभुशीत होऊन वर यायला लागली तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू आलं. शिवगंगा गेल्यापासून पहिल्यांदा. त्या दिवशी त्यांनी घरी येऊन आणखी एक भाकरी मागून घेतली.

"गुरुवारी आपुन बाईंच्या कोपऱ्यात लावू," सटवा म्हणाला. "मी परळीला जाऊन येतो. मी येईस्तोवर चालू करू नका. एकट्यानं तर न्हाईच."

गुंडप्पांनी मान डोलावली. पण मधे सोमवार होता.

सोमवारी पहाटे पूजा करताना त्यांच्या मनात आलं की शिवाचा वार आहे, आजच हात लावावा. यंत्र सटवाच्या रानातल्या कोठ्यातच होतं आणि किल्ली कुठं असते ते त्यांना माहीत होतं. पँट घातली, बूट घातले, शेजाऱ्याच्या पोराला दुकान उघडायला सांगितलं आणि ते रिक्षानं रानात गेले. यंत्र ढकलत ढकलत विहिरीपर्यंत आणलं. तेल बघितलं. पेट्रोल भरलं. इथवर सगळं सांगितल्यासारखं.

कोपऱ्याच्या तोंडाशी मात्र त्यांचे पाय अडले. पुढं समाधी होती. आजवर ते इथं आले ते चपला बांधाच्या अलीकडं काढून. आता हे असले जाडजूड बूट घालून तिच्या अंगावर चालत जायचं? मंदिरात कुणी बूट घालून शिरतं का? ते बराच वेळ उभे राहिले. बोलायला कुणी नव्हतं. लांबवर रुळावरून मालगाडी गेली. मग त्यांनी खाली बसून बूट सोडले, एकमेकांना जोडून बांधावर ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, विहिरीच्या पाण्यानं पाय धुतले आणि अनवाणी आत गेले.

सुरुवात चांगली झाली. हराळीचा गालिचा फाटत होता, खालची काळी माती वर येत होती. गुंडप्पा ओळ संपवून वळत, यंत्राला विसावा देत, पुन्हा धरत. समाधीपासून हातभर अंतर ठेवून जायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण गवतात कण्हेरीचं एक जुनं खोड दडलेलं होतं. पावसाळ्याआधी कुणीतरी तोडलेलं, बुडखा तसाच राहिलेला. पाती त्यावर आदळली. यंत्र उसळलं आणि वाकडं होऊन सरळ समाधीच्या कडेवर चाललं. एक दगड उडाला. मातीचा काठ ढासळला.

"अगं!" गुंडप्पांच्या तोंडून निघालं, जणू ती समोर उभी होती.

त्यांना हात सोडायला सुचलं नाही. यंत्र सोडलं तर ते तिच्या अंगावर जाईल, एवढंच डोक्यात होतं. त्यांनी यंत्र मागं ओढायला डावी दांडी दाबली. ते मागं आलं, त्यांना वाटलं त्यापेक्षा कितीतरी वेगानं. भीतीनं मूठ आणखी आवळली गेली. जितकी भीती, तितकी मूठ घट्ट. जितकी मूठ घट्ट, तितकं यंत्र अंगावर. ते मागं सरकले, पाय भुसभुशीत मातीत रुतला, आणि डाव्या पायाच्या पुढच्या भागात विस्तव शिरल्यासारखं झालं.

"सोडा! आप्पा, सोडा! हात सोडा!"

बांधापलीकडं कापूस वेचणारी साखराबाई ओटी सांडत पळत येत होती. तिनं यंत्राचा बदललेला आवाज ऐकला होता. तिच्या ओरडण्यानं गुंडप्पांची बोटं उघडली. दांड्या वर आल्या. पाती थांबली, लगेच, जशी कधी फिरलीच नव्हती. इंजिन तेवढं फटफटत राहिलं. साखराबाईला ते बंद करता येत नव्हतं. ती दोन्ही कानांवर हात ठेवून "बंद करा, बंद करा" म्हणत राहिली. गुंडप्पांनी बसल्या जागेवरून हात लांब करून बटण खाली पाडलं. मग सगळीकडं शांतता झाली आणि त्यांनी पायाकडं पाहिलं.

साखराबाईनं डोक्याचा रुमाल सोडला आणि पाय करकचून बांधला. तिच्या हाकेवर रस्त्यानं जाणारा एक टेम्पो थांबला.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अंबाजोगाईच्या दवाखान्यात काढावं लागलं. बाकी पाय वाचला. पत्रा लावलेला होता म्हणून वाचला, असं सटवा पुढं म्हणायचा. साखरेच्या आजारामुळं जखम लवकर भरेना. प्रणितानं त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर ती पट्टी बदलायची. एकदा पट्टी सोडता सोडता तिनं विचारलं, "सटवाभाऊंनी सांगितलं होतं ना, हात सोडायचे म्हणून?"

"सांगितलतं."

"मग?"

"सोडलं असतं तर ते तुझ्या आईवर गेलं असतं, असं वाटलं."

"सोडलं असतं तर थांबलं असतं, आप्पा."

"ते आता कळतंय बाळ. तवा हाताला कळलं न्हाई."

प्रणितानं नवी पट्टी बांधली. मग ती आत गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

केदारनाथ आला तो चिडलेलाच. ते यंत्र विकून टाका, कोपऱ्याचं मी बघतो, तुम्ही आता रानात जायचं नाही, असं सगळं एका दमात बोलला. नंतर वडिलांच्या पायाशी येऊन बसला. सटवा मात्र आलाच नाही. पंधरवडा गेला, महिना गेला, तरी नाही. अखेर एके दिवशी प्रणिताच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"ये की आत," गुंडप्पा म्हणाले.

"कोन्त्या तोंडानं येऊ? गावात म्हंत्यात, सटव्यानं म्हाताऱ्याला यंत्र शिकवून लंगडा केलं."

"कोन म्हंतंय? त्याला माझ्याकडं धाड. तू थांबा म्हनला, मी थांबलो न्हाई. पोरीनं बूट आनून दिले, मी काढले. तू सांगितल्यात काय खोट होती?"

सटवा उंबऱ्यावर बसला. "बूट कावून काढले आप्पा?"

"तिच्या जवळ जायचं हुतं."

सटवानं पाण्याचा पेला घेतला, तसाच हातात धरला. जाताना एवढंच म्हणाला, "यंत्र धुऊन पुसून ठिवलंय. माझ्या यंत्राला पत्रा बी लावला."

माघात शिवगंगेचं वर्ष झालं. गुंडप्पांना रिक्षानं बांधापर्यंत नेलं, खुर्चीवर बसवलं. जंगमस्वामी आले, भावकी आली. ढासळलेला काठ सटवानं माती लावून नीट केला होता. पण कोपरा बघवत नव्हता. अर्धा फाटलेला, अर्धा तसाच. आणि जिथं यंत्र फिरलं होतं तिथं हराळी आधीपेक्षा हिरवीगार होऊन वर आलेली.

"हे कसं गं?" त्यांनी साखराबाईला विचारलं. "उपटली तिथंच जास्ती?"

"उपटली कुठं? तुकडं केलं तुमी तिचं. हराळीच्या एका तुकड्याचं धा व्हत्यात. यंत्रानं हराळी मरत न्हाई आप्पा, यंत्रानं जमीन मऊ व्हती. मागनं बसून हातानं येकयेक मुळी वेचावी लागती. बाई तसंच करायच्या."

गुंडप्पांना वाटलं होतं, एका सकाळीत उरकेल. बोटं गेली ती एका सकाळच्या कामासाठी, आणि काम तर सुरूही झालं नव्हतं. लोक प्रसाद घेऊन पांगले तरी ते खुर्चीवर बसून राहिले.

परतताना रिक्षात प्रणिता म्हणाली, "मी चालवते."

"काय?"

"यंत्र. सटवाभाऊंकडून शिकते. तुम्ही बांधावर बसा."

नको म्हणायला गुंडप्पांनी तोंड उघडलं. मग त्यांना केदारनाथचे पेव्हर ब्लॉक आठवले आणि मुलीच्या आवाजातलं काहीतरी ओळखीचं वाटलं. रानात जायला निघालेल्या शिवगंगेला त्यांनी कधी अडवलं नव्हतं. अडवून ती थांबलीही नसती.

"शिक," ते म्हणाले. "पन मी समोर असल्याबिगर दोरी वढायची न्हाई."

फाल्गुनात विहिरीचं पाणी सोडून कोपरा भिजवला. दोन-तीन दिवस वाट पाहिली. गुंडप्पा काठी टेकत येऊन माती मुठीत दाबून बघायचे आणि सांगायचे, "आज न्हाई. अजून चिकट हाय." एका सकाळी ढेकूळ बोटाखाली फुटलं. त्यांनी प्रणिताला फोन केला.

ती आली. सटवाही आला. त्यानं आणि साखराबाईनं आधी सगळा कोपरा पायानं चाचपून काढला, कण्हेरीचा बुडखा खणून टाकला, दगड वेचले. समाधीच्या कडेनं सटवानं चार खुंट्या रोवून दोरी बांधली. यंत्र आत न्यायचं नाही ती हद्द. दोरीच्या आतलं साखराबाई खुरप्यानं करणार होती. प्रणितानं ओढणी सोडून बांधावर ठेवली, वेणी गुंडाळून रुमालात बांधली, खिळ्यांचे काटे एकेक करून ओढून पाहिले. मग कोपऱ्याच्या तोंडाशी आली आणि सवयीनं बुटाची नाडी सोडायला वाकली.

"काढू नको," गुंडप्पा म्हणाले.

ती तशीच वाकलेली राहिली. "पण आईच्या..."

"तशीच जा आत. बुटासकट. तिला काय वाटायचं ते मी बघून घेतो."

यंत्र सुरू झालं. प्रणिता पहिली ओळ सावकाश गेली, दोरीपाशी थांबली, वळली. गुंडप्पांचे डोळे तिच्या मुठींवर खिळले होते. दुसऱ्या ओळीच्या मधेच मातीखालून काहीतरी कडकडलं. बुडख्याची एक जाड मुळी राहून गेली होती. यंत्र उसळलं. गुंडप्पा खुर्चीतून अर्धवट उठले.

यंत्र आडवं पडलं होतं. पाती थांबलेली. आणि प्रणिता त्याच्यापासून दोन पावलं मागं उभी होती, दोन्ही हात रिकामे, मोकळे.

तिनं पुढं होऊन बटण बंद केलं. प्लगची टोपी काढली. सगळं निवल्यावर सटवानं पात्यांत गुंतलेली मुळी कापून काढली आणि लांब फेकली. गुंडप्पा खुर्चीत परत बसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपल्या हाताच्या मुठी अजून आवळलेल्याच आहेत. त्यांनी एकेक बोट सोडवलं.

ऊन तापायच्या आत कोपरा पुरा झाला. सटवा यंत्र पुसायला घेऊन गेला. प्रणिता विहिरीवर तोंड धुवायला गेली. साखराबाईनं पदर खोचला, मऊ मातीत बसकण मारली आणि पांढऱ्या गाठीगाठींच्या मुळ्या ओढून काढायला सुरुवात केली. गुंडप्पांनी काठी बाजूला ठेवली. दुखरा पाय लांब सोडून, दुसरा दुमडून ते तिच्यापासून थोड्या अंतरावर मातीत बसले. त्यांनी एक मुळी धरून ओढली. ती मधेच तुटली.

"तशी न्हाई. खालनं माती उचला, मग वढा," साखराबाई म्हणाली.

त्यांनी तसं केलं. लांबलचक मुळी सबंध बाहेर आली. पांढरी, ओली, मातीच्या वासाची. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि दुसरी शोधली. बराच वेळ दोघंही वेचत राहिले. अर्धी पाटीसुद्धा भरली नव्हती आणि कोपरा अफाट वाटत होता.

"साखरे," त्यांनी मान वर न करता विचारलं, "ती इथं काय बोलायची गं?"

"बाई? बाई बोलायच्या न्हाईत. शिव्या द्यायच्या."

गुंडप्पांचा हात थांबला. "कुणाला?"

"ह्या हराळीला. लई शिव्या. 'तुझा मुडदा बशिवला, सटवे, माझ्या शेवंतीच्या नरड्याला बसतीस व्हय?' अशा. मोठ्यानं. पार रुळापत्तुर आवाज जायचा."

घरात शिवगंगेचा आवाज कधी माजघराबाहेर आला नव्हता. चाळीसेक वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून एक वावगा शब्द गुंडप्पांनी ऐकला नव्हता. ते समाधीकडं बघत राहिले. मग त्यांच्या छातीतून काहीतरी वर आलं; आधी हसू, मग त्या हसण्याच्या मागोमाग दुसरंच काही. साखराबाईनं मान खाली घालून चार मुळ्या उपटल्या आणि त्यांना वेळ दिला.

उपरण्याचा शेव शोधायला त्यांचा हात खांद्याकडं गेला, उपरणं नव्हतं. त्यांनी मनगटानंच डोळे पुसले. गालाला माती लागली.

"आनखी काय म्हनायची?" त्यांनी विचारलं आणि पुढची मुळी धरली.

साखराबाई सांगायला लागली.